माणदेशातल्या विहिरींच्या याद्या आणि आमचे काका

आदरणीय काका,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

तुमचं नाव कुठेही यायला नको, हे तुम्ही आधीच बजावलंत. ते मी पाळते आहे. पत्र मात्र उघडपणे लिहिते आहे, कारण आमच्यासारख्या कितीतरी संस्था आज मायक्रोसॉफ्ट लिस्ट्समध्ये, म्हणजे ऑनलाइन याद्यांच्या ॲपमध्ये, आपलं काम नोंदवतात आणि अडल्यावर विचारायला त्यांच्याजवळ कोणी नसतं. तुम्ही मला जे समजावलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं असं फार वाटतं.

काम काय होतं ते वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. माण, खटाव, आटपाडी आणि सांगोला या चार तालुक्यांत आमचे कार्यकर्ते विहिरींची पाणीपातळी मोजतात. काठावरून टेप सोडायचा, पाण्यापर्यंतचं अंतर वाचायचं आणि तिथेच मोबाइलवरून यादीत भरायचं. मे महिन्याच्या शेवटी एकदा, पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात एकदा, आणि मधल्या काळात जमेल तसं. प्रत्येक तालुक्याची यादी वेगळ्या माणसाने सुरू केलेली. एकीकडे खोली मीटरमध्ये, दुसरीकडे फुटांत. सांगोल्याच्या यादीत वीजपंपाचा कॉलम आहे, माणच्या यादीत तो नाहीच. या चारही याद्या एका आराखड्यात आणायच्या, कुठे काय कमी आहे ते दाखवायचं आणि नवा कॉलम लागला तर चारही ठिकाणी एकदम घालायचा, असं टूल हवं होतं. मला थोडंफार पॉवरशेल (मायक्रोसॉफ्टची आदेश लिहायची भाषा) येत होतं, म्हणून ते माझ्याकडे आलं.

पहिली अडचण ५,००० नोंदींची होती. माणच्या यादीने तो आकडा ओलांडला, आणि गावानुसार नोंदी गाळायला गेलं की मर्यादा ओलांडल्याचा संदेश यायला लागला. याच प्लॅटफॉर्मच्या कागदपत्रांत एका यादीत ३ कोटी ओळी मावतात असं लिहिलेलं आहे. मग ५,००० ला का अडतं? मी शोधत होते तिथे सगळीकडे ‘ही मर्यादा आहे, ऑनलाइन आवृत्तीत ती वाढवता येत नाही’ एवढंच सापडत होतं. का आहे, हे तुम्ही सांगितलंत. लिस्ट्स म्हणजे शेअरपॉइंटच्याच (संस्थांच्या सामायिक साइट्स चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेच्या) याद्या, २०२० मध्ये त्यांना हे नवं नाव आणि नवा चेहरा मिळाला. त्यांच्याखाली एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस आहे, आणि अनेक याद्यांच्या ओळी डेटाबेसमधल्या एकाच मोठ्या टेबलात राहतात. तुम्ही तलाठ्याच्या वहीचं उदाहरण दिलंत: दोन-चार नोंदी बघायच्या असतील तर तलाठी त्या ओळींवर बोट ठेवतो, बाकीच्यांना बाकीची पानं उघडी असतात, पण हजारो नोंदी एकदम मागितल्या तर तो अख्खी वहीच बगलेत मारतो आणि रांगेतले सगळे ताटकळतात. एका विधानाने एकाच टेबलावर ५,००० च्या आसपास कुलुपं घेतली की एसक्यूएल सर्व्हर तेच करतो, सुट्या ओळींऐवजी पूर्ण टेबलाला कुलूप लावायला बघतो. तसं होऊ नये म्हणून ही मर्यादा.

काका, हे कळल्यावर माझी त्या आकड्याकडे बघायची नजरच बदलली. तो आकडा शेजाऱ्यांच्या सोयीसाठी आहे, हे समजल्यावर त्याला वळसा घालायचे मार्ग शोधणं मी सोडून दिलं. गाव आणि मोजणीची तारीख या कॉलमांना इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी झटपट शोधायची सूची, लावले. गाळताना इंडेक्स असलेली आणि ५,००० च्या आत आणणारी अट आधी घ्यायची, हे टूलमध्येच पक्कं केलं. सगळी यादी वाचायची झाली तर ओळीच्या आयडीच्या क्रमाने पानापानाने वाचायची, कारण आयडीला इंडेक्स असतोच. एका यादीला २० इंडेक्सच मिळतात. म्हणून कोणत्या कॉलमवर लोक खरोखर शोधतात हे कार्यकर्त्यांना विचारून ये, असं तुम्ही म्हणालात. मी विचारलं. मालकाच्या नावावर कोणीच शोधत नव्हतं, वाडी-वस्तीच्या नावावर सगळे शोधत होते. माझ्या कागदावर वस्ती हा कॉलम शेवटून दुसरा होता.

आता मराठी नावांचा भाग. हा मला कुठेही एका जागी लिहिलेला सापडला नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आपण कॉलमला जे नाव देतो ते फक्त दिसायचं नाव असतं. आत त्याचं दुसरं नाव तयार होतं आणि ते पुढे बदलत नाही. टूलला तेच लागतं. या आतल्या नावात देवनागरी अक्षर जसंच्या तसं राहत नाही. प्रत्येक अक्षराचा आणि प्रत्येक काना-वेलांटीचा वेगळा युनिकोड क्रमांक पडतो, ‘त’साठी ०९२४, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणा धरून प्रत्येकी सात जागा खर्च होतात. आतल्या नावाला जागा मिळतात ३२. म्हणजे चार चिन्हं पूर्ण बसतात आणि पाचवं मधेच तुटतं.

आमच्या यादीत ‘विहिरीची खोली’, ‘विहिरीचा व्यास’ आणि ‘विहिरीचा मालक’ असे तीन कॉलम होते. तिघांचंही आतलं नाव ‘विहि’ एवढ्यावर संपत होतं. प्लॅटफॉर्म दुसऱ्याच्या आणि तिसऱ्याच्या मागे आकडा जोडून त्यांना वेगळं ठेवतो, आणि हा आकडा कॉलम कोणत्या क्रमाने बनवले त्यावर ठरतो. एका तालुक्यात जो व्यास, तो दुसऱ्यात मालक! एक्सेलवरून बनवलेल्या आटपाडीच्या यादीत तर आतली नावं नुसती ‘फील्ड १’, ‘फील्ड २’ अशी होती. आतल्या नावांवर विसंबून चार याद्या जुळवणं अशक्य आहे, हे तुम्ही ती नावं फोनवर ऐकूनच सांगितलंत.

उपायही तुमचाच. नवा कॉलम आधी छोट्या रोमन नावाने बनवायचा आणि लगेच दिसायचं नाव मराठी करायचं. आतलं नाव छोटं राहतं, कार्यकर्त्यांना ‘विहिरीची खोली’च दिसतं. जुन्या कॉलमांसाठी एक नकाशा ठेवायचा, कोणत्या यादीतलं कोणतं आतलं नाव म्हणजे नेमकं काय, आणि तो नकाशा त्या त्या तालुक्याच्या माणसाकडून तपासून घ्यायचा. ‘मराठी काढून सगळं इंग्रजी करा’ असा सल्ला मला आधी कोणीतरी दिला होता. विहिरीच्या काठावर उन्हात उभं राहून नोंद भरणाऱ्या बाईला तिच्या भाषेतला कॉलम दिसलाच पाहिजे, यावर तुम्ही जराही मागे हटला नाहीत. त्याबद्दल मी सर्वांत आधी आभार मानायला हवे होते.

तारखांचं लवकर सुटलं. आत वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठते, आपण तिच्या साडेपाच तास पुढे. १ ऑक्टोबरची नोंद टूलला ३० सप्टेंबर, १८:३० अशी दिसते आणि महिनाच बदलतो. साइटची वेळ चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली या पट्ट्यावर आहे का हे टूल आता आधी तपासतं आणि मगच तारखा जुळवतं.

यापुढे लिहायचंय ते आपल्या भांडणाबद्दल. मला वाटत होतं, टूल चालवलं, फूट मीटर झाले, काम झालं. तुम्ही विचारलंत, ‘मग त्या ओळीपुढे नाव कोणाचं दिसेल?’ प्रत्येक ओळीपुढे शेवटचा बदल कोणी केला आणि कधी, हे दिसतं. टूल साध्या पद्धतीने चाललं असतं तर हजारो ओळींपुढे एका रात्रीत माझं नाव आलं असतं. मला ते तेव्हा किरकोळ वाटलं. तुम्ही म्हणालात, ज्या माणसाने मे महिन्यात दीड मैल चालत जाऊन टेप सोडला त्याचं नाव तिथून हलता कामा नये. पीएनपी पॉवरशेलमध्ये (शेअरपॉइंटसाठी स्वयंसेवकांनी बनवलेल्या पॉवरशेलच्या आदेशसंचात) ओळ बदलताना सिस्टिम अपडेट असा प्रकार निवडता येतो. त्याने मूल्य बदलतं, पण बदल करणाऱ्याचं नाव आणि वेळ जुनीच राहते, नवी आवृत्तीही बनत नाही. मग टूलने काय बदललं ते कुठे कळणार, यावर आपण पुन्हा वाद घातला. शेवटी टूलच्या बदलांची एक वेगळी यादी ठेवायचं ठरलं, जुनं मूल्य, नवं मूल्य आणि कारण. ती चारही तालुक्यांतल्या कोणालाही उघडून बघता येते. फुटांचे मीटर केल्यावर खटावच्या एका ताईंनी तीच यादी उघडून आपल्या वहीशी एकेक नोंद ताडून पाहिली होती.

त्याच वेळी तुम्ही दोन नियम घालून दिलेत. कोणताही आदेश आधी नुसता ‘काय होईल’ ते दाखवेल, मग कोणीतरी वाचून होकार देईल, मगच खरं काम. आणि टूलमध्ये कॉलम काढून टाकायचा आदेश असणारच नाही. काढलेल्या ओळी रीसायकल बिनमध्ये ९३ दिवस राहतात, काढलेला कॉलम मात्र तिथे येत नाही, त्यातल्या नोंदींसकट जातो. नको असलेला कॉलम आम्ही आता फक्त नोंद भरायच्या फॉर्ममधून आणि व्ह्यूमधून (यादीच्या दिसणाऱ्या मांडणीतून) लपवतो.

बाकीचं तुम्ही जाता जाता सांगितलेलं. सर्व्हरने ४२९, म्हणजे ‘फार विनंत्या झाल्या’, म्हटलं तर जितके सेकंद थांबायला सांगितलंय तितके निमूट थांबायचं. टूलला सगळ्या टेनंटची, म्हणजे संस्थेच्या सगळ्या साइट्सची, परवानगी मागायची नाही, ‘साइट्स सिलेक्टेड’ हा परवानगीचा प्रकार घेऊन फक्त या एका साइटपुरती घ्यायची. लॉगिनसाठीचं पीएनपीचं सर्वांसाठीचं तयार ॲप ९ सप्टेंबर २०२४ ला काढून टाकलं गेलं, तेव्हा ॲपची नोंदणी स्वतःचीच करायची. आणि हे सगळं ज्यांच्या मुक्त स्रोत कामावर उभं आहे, त्या पीएनपीच्या जगभरच्या स्वयंसेवकांचे आभार मानायचे. ते इथे मनापासून मानते.

काका, तुम्ही माझ्यासाठी एकही ओळ लिहिली नाहीत. मी लिहिलेली प्रत्येक ओळ मात्र मला मोठ्याने वाचायला लावलीत आणि ‘हे का?’ असं विचारत राहिलात. रात्री उशिरा फोन केला तरी आवाजात कंटाळा आला नाही. काकू मागून ‘तिला आधी जेवून घ्यायला सांगा’ म्हणायच्या, तेही ऐकू यायचं. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

टूल आता चारही तालुक्यांत चालतंय आणि सोमवारी सकाळी फरकांचा अहवाल प्रत्येक तालुक्याच्या माणसाला जातो. ऑक्टोबरच्या मोजणीला विहिरीचा फोटो जोडायची मागणी आली आहे. फोटो ओळीला जोडायचे की वेगळ्या लायब्ररीत ठेवून दुवा द्यायचा, यावर माझं मत मी कागदावर मांडलंय. रविवारी फोन करते. तुमच्या ‘हे का?’ची तयारी ठेवली आहे.

आपली नम्र,
विहिरींच्या याद्या सांभाळणारी