साल्वादोरच्या अकाराजेवाल्या मावशींचे आभार

ब्राझीलमध्ये रेसिफेहून रात्रभराच्या बसने साल्वादोरला आले. दुपारी पेलोरिन्यो या जुन्या भागातला दगडी चढ चढताना लक्षात आलं, कमरेचा पाऊच गायब! पैसे, कार्ड सगळं त्यातच. मोबाइल बंद पडलेला आणि माझं पोर्तुगीज ‘ओब्रिगादा’ (धन्यवाद) या शब्दापुरतं. पायरीवर बसून चक्क रडले.

कोपऱ्यावर पांढऱ्या घेरदार झग्यातल्या, डोक्याला पांढरं फडकं बांधलेल्या एक मावशी अकाराजे तळत होत्या. (चवळी वाटून लालसर देंदे (पाम) तेलात तळलेला वडाच तो.) त्यांनी झारा ठेवला, मला स्वतःच्या स्टुलावर बसवलं आणि आपला फोन हातात दिला. पुण्यात मध्यरात्र उलटलेली, तरी भावाने उचलला आणि कार्ड बंद करायची व्यवस्था केली. तोवर गिऱ्हाइकं खोळंबलेली, पण कुणी कुरकुरलं नाही.

मग गरम वडा आला. मासे खात नाही असं खुणेने सांगितलं, तर वरची सुकी कोळंबी एकेक वेचून काढली. मग थबकल्या, मान हलवली आणि नवाच वडा चिरला. आतल्या वातापा नावाच्या दाटसर सारणातही कोळंबी असते ना! यात नुसतं टोमॅटो-कांदा आणि तिखट.

भाच्याला हॉस्टेलपर्यंत सोबत धाडलं. दुसऱ्या दिवशी पैसे द्यायला गेले, तर हात झटकून हसल्या आणि परत वडा पुढे केला. कोळंबीशिवाय.

मावशी, मुइतो ओब्रिगादा.