भाच्याच्या गेमबद्दल तात्यांना

स्टुटगार्ट, जर्मनी
रविवार, दि. ५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप तात्या व सौ. आई यांस साष्टांग नमस्कार.

वि. वि. मी येथे खुशाल आहे. थंडी सुरू झाली असली तरी आईने दिलेला स्वेटर अंगात असतो आणि जेवणही वेळेवर होते, तेव्हा त्याची काळजी नसावी. दसऱ्याच्या दिवशी फोनवर तुम्ही जे विचारलेत त्याचे उत्तर तेव्हा धड देता आले नाही, कारण दाजी शेजारीच बसले होते आणि भाचा सोन्या मध्येच फोन ओढत होता. म्हणून आज सविस्तर लिहितो.

तिशीला आलेला, नोकरी करणारा मुलगा रविवारी पोरांसारखा टीव्हीवर कार्टूनच्या गाड्यांची शर्यत खेळत बसतो हे काही बरे लक्षण नव्हे, आणि आता तोच खेळ पाठवून तो भाच्यालाही हा नाद लावणार, असे तुमचे म्हणणे. यातल्या पहिल्या भागाविषयी इतकेच सांगतो की मी हा खेळ रोज खेळत नाही, त्यासाठी रात्री जागत तर मुळीच नाही. घरमालकांचे कुटुंब वरच्या मजल्यावर राहते, त्यांची दोन मुले आणि आजी रविवारी दुपारी मला वर बोलावतात, आणि चौथा गडी म्हणून मी बसतो. ताईने हे तुम्हाला कोणत्या शब्दांत सांगितले ते मला ठाऊक नाही.

येथला रविवार कसा असतो हे सांगितल्याशिवाय तुम्हाला त्यातली गोम कळायची नाही. रविवारचा विसावा या देशाने आपल्या घटनेतच राखून ठेवला आहे. दुकाने बंद असतात हे आपण समजू शकतो, पण रविवारी भिंतीला ड्रिल लावायचे नाही, बागेतले गवत यंत्राने कापायचे नाही, आणि काचेच्या रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण काच फुटल्याचा आवाज शेजाऱ्यांच्या कानी जातो. बाटली टाकायची नाही असे नाही; सोमवारी खुशाल टाकावी. रोज रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतही असाच शांततेचा नियम असतो. जिथे देवळातला भोंगा, पिठाची गिरणी आणि वरातीचा बँड एकाच वेळी चालू असतात अशा गावातून आलेल्या माणसाला पहिले काही महिने आपण कुणाच्या तरी आजारपणात येऊन राहिलो आहोत असेच वाटते. त्यामुळे टीव्हीचा आवाज अगदी बारीक ठेवून आम्ही शर्यत लावतो, आणि ऐन शेवटच्या वळणावर धाकट्याची गाडी उलटली की आजी स्वतःची गाडी सोडून आधी त्याच्या तोंडावर हात ठेवतात. हे दृश्य पाहिले असतेत तर नाद हा शब्द तुम्ही वापरला नसतात.

आता खेळाविषयी. ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ हे त्याचे नाव. जपानमधल्या क्योतो शहरातली निन्टेन्डो ही कंपनी १९९२ पासून ही मालिका काढते आहे. हा भाग मूळ २०१४ चा, आणि सुधारून स्विच या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर एप्रिल २०१७ मध्ये आला. एका वेळी बारा गाड्या धावतात. मिशीवाला प्लंबर, राजकन्या, काटेरी पाठीचा कासवांचा राजा अशी मंडळी त्या हाकतात. वाटेत प्रश्नचिन्हाच्या पेट्या लटकलेल्या असतात. गाडी त्यांतून गेली की काहीतरी हाती लागते, मग ते केळीचे साल असो, कासवाचे कवच असो की वेग वाढवणारे मशरूम.

तुम्ही शर्यतीचे जाणकार, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. आपल्याकडच्या मैदानात जी बैलजोडी पुढे निघाली ती पुढेच राहते, मागच्या गाडीला कुणी हात देत नाही. येथे नेमके उलटे आहे. पहिल्या क्रमांकावर पळणाऱ्याला पेटीतून बहुतेक वेळा साल किंवा नाणे मिळते, आणि जो सर्वांत मागे रखडला आहे त्याला चक्क बंदुकीची गोळी बनवून रस्त्याच्या पुढच्या टप्प्यावर नेऊन सोडले जाते. शर्यतीच्या शौकिनाला हा अन्याय वाटेल, पण याच एका युक्तीमुळे सात वर्षांचे पोर, सत्तरी ओलांडलेली आजी आणि माझ्यासारखा मधला माणूस एकाच खेळात अटीतटीने खेळू शकतात. त्यात पुन्हा नवख्यांसाठी गाडी रस्त्याबाहेर जाऊ न देणारी सोय आहे, गती आपोआप धरून ठेवणारी दुसरी सोय आहे, आणि ५०, १००, १५० व २०० सीसी असे वेगाचे चढते टप्पे आहेत. आजींना तर फक्त वळवायचे असते.

तरीही हा खेळ नुसत्या नशिबाचा नाही, आणि मला त्यातले सर्वांत चांगले हेच वाटते. वळणावर गाडी घसरवत नेली की चाकांखालून आधी निळ्या, मग नारिंगी आणि फार वेळ धरून ठेवली तर जांभळट गुलाबी ठिणग्या उडतात, आणि बटण सोडताच त्या प्रमाणात गाडी उसळी घेते. रस्त्यावरची नाणी दहापर्यंत गोळा केली की कमाल वेग थोडा वाढतो. सुरुवातीला तीन, दोन, एक असे आकडे पडतात तेव्हा दोनचा आकडा दिसताच बटण दाबणाऱ्याची गाडी सर्वांच्या पुढे सुटते. ही गाडी रस्त्यावर ठेवणाऱ्या सोयीने मात्र कौशल्याचा एक भाग मारला जातो, कारण ती चालू असली की काही जवळच्या आडवाटा घेता येत नाहीत; म्हणून सोन्याने महिनाभराने ती बंद करावी असे माझे मत आहे.

दोषही सांगतो, म्हणजे मी बाजू घेतो असे दाजींना वाटायला नको. निळे कवच हा सर्वांत मोठा. ते फक्त पहिल्याला शोधत जाते, आणि तीन फेऱ्या अचूक गाडी हाकणाऱ्याला शेवटच्या सरळ रस्त्यावर गाठते. त्याला फोडणारा भोंगा असतो, पण पुढे असताना पेटीतून तो मिळेलच याचा भरवसा नाही. तेव्हा बचावाच्या ऐवजी पुन्हा एक नाणे हाती येते आणि माणूस चिडतो. दुसरा दोष असा की एकट्या खेळणाऱ्यासाठी यात कथा म्हणून काही नाही. चार शर्यतींचा एक चषक, मग दुसरा चषक, असे करत सगळे जिंकून झाले की एकट्याला करण्यासारखे फारसे उरत नाही. तिसरे म्हणजे एक किंवा दोघे खेळत असताना चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, आणि तिघे-चौघे बसले की ते निम्म्यावर, ३० वर येते. ज्या खेळाची खरी मजा चौघांत आहे त्याने नेमके चौघांनाच थोडे अडखळते चित्र द्यावे हे मला पटत नाही. मूळ ४८ मार्गांत २०२२ आणि २०२३ मध्ये आणखी ४८ वेगळे पैसे घेऊन वाढवले, त्यांतले पुष्कळसे मोबाइलवरच्या खेळातून उचललेले आहेत आणि जुन्या मार्गांच्या शेजारी ते फिके दिसतात. ते घ्यायची गरज नाही.

दाजींच्या दोन शंकांना मात्र उत्तर सरळ आहे. यात रक्तपात नाही. गाडी गिरकी घेते, पुन्हा उभी राहते, आणि दरीत पडलीच तर ढगावर बसलेले एक कासव तिला गळाने वर काढते. आणि खेळता खेळता खात्यातून पैसे कापले जाण्याचा मोबाइलवरच्या गेमसारखा प्रकार नाही, कारण ती नाणी बाजारात विकत मिळत नाहीत. कॅसेटची किंमत सुमारे ६० युरो, म्हणजे सहा हजारांच्या वर, आणि या कंपनीचे खेळ वर्षानुवर्षे स्वस्त होत नाहीत, म्हणून मी कॅसेट आणि यंत्र दोन्ही वापरलेले पाहिले आहे. जूनमध्ये निघालेले नवे यंत्र आणि चोवीस गाड्यांचा नवा भाग सोन्याने यूट्यूबवर पाहिला असेल. तो मिळणार नाही असे त्याला ताईनेच सांगावे, माझ्याने सांगवणार नाही.

सगळे सामान मिरजेचे एक ओळखीचे गृहस्थ पंधरा तारखेला निघत आहेत त्यांच्याबरोबर पाठवतो. यावरून तुमच्या लक्षात आलेच असेल की दिवाळीला मी येत नाही. रजा मंजूर झाली नाही, आणि झाली असती तरी तिकीट या दिवसांत परवडले नसते. तिकिटाचे जे पैसे वाचले त्यांत भर घालून एक लाख रुपये तुमच्या खात्यावर पाठवले आहेत. फळछाटणीनंतरची पेस्ट आणि औषधे त्यातून घ्यावीत, द्राक्षाच्या हंगामापर्यंत सोसायटीकडे पुन्हा जाऊ नये. माझ्या शिक्षणाच्या कर्जाचे शेवटचे हप्तेही मीच भरतो आहे, ते तुम्ही मनावर घेऊ नका.

इस्लामपूरच्या स्थळाविषयी आईने विचारले होते. माझा नकार नाही. मुलीशी आधी दोन-तीनदा बोलू द्या, पत्रिका नंतर पाहू. आणि मुलगा गेम खेळतो हे त्यांना लपवून ठेवू नका, उलट कुणाबरोबर आणि किती वेळ खेळतो तेही सांगा. यंदाही भाऊबीजेला मी नसणार म्हणून ताई रागावली आहे हे मला कळते आहे, तिला वेगळे लिहितो.

एक राहिलेच. इंटरनेटवरून खेळण्यासाठी दोन्ही बाजूंना वर्गणी भरावी लागते, आणि ती उधळपट्टी आहे असे मीच फोनवर दाजींना म्हणालो होतो, तरी सोन्याची आणि माझी दोन्ही वर्गण्या मी भरणार आहे. अनोळखी लोकांत न जाता फक्त आम्हा दोघांपुरती खोली उघडता येते. २६ तारखेपासून येथली घड्याळे एक तास मागे जातात, तेव्हा रविवारी तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात म्हणजे माझ्याकडे दुपारचे तीन. त्या वेळी ताईकडचा टीव्ही मालिकेसाठी लागलेला असतो, तेवढे आईने तिच्याशी बोलून ठरवावे.

तुमचा,
बाळू