चुनी, काटा आणि बर्फ: आमच्या व्यापारी मालकांचे आभार

प्रति,
डाळमिलवाले, पशुखाद्य दुकानदार, बर्फ कारखानदार आणि बोकडांची खरेदी करणारे आमचे सर्व व्यापारी,
सोलापूर, बार्शी, मोहोळ

स. न. वि. वि.

शेळीपालन शिकणाऱ्या आमच्या गटांतल्या पोरापोरींना तुम्ही वर्षभर हात दिलात, त्याचे जाहीर आभार. मदत मागायला गेलं की बहुतेक ठिकाणी बॅनर आणि टी-शर्ट तयार असतात. टी-शर्टानं करडाचं वजन वाढत नाही. तुम्ही आधी विचारलंत, काय कमी पडतंय? आणि तेच दिलंत.

बार्शीच्या डाळमिलवाल्या मालकांनो, तुरीची चुनी, म्हणजे डाळ करताना उरणारा साल-तुकड्यांचा चुरा, तुम्ही मिलच्या भावानं दिलीत आणि पैसे बोकड विकल्यावर घेतलेत. त्यामुळं खुराक घरी बनवणं परवडलं. 100 किलोला मका भरडा 35, सरकी पेंड 25, चुनी 20, गव्हाचा कोंडा 17, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1 किलो, हे आमचं प्रमाण. मीठ आणि खनिज मिश्रण आधी पाच किलो कोंड्यात कालवायचं, मग ढिगात. थेट टाकलं तर ते तळाशी बसतं आणि शेवटची गोणी खारट निघते. वाढत्या करडाला रोज 100 ते 150 ग्रॅम, गाभण शेळीला शेवटच्या दीड महिन्यात 250 ते 300 ग्रॅम, तेही दोन वेळांत विभागून. विक्रीच्या तोंडावर घाईनं मका वाढवली की पोट आंबतं, रवंथ थांबतो, आणि नर करडांत लघवीत खडे होऊन ती तुंबते. हे पोरांना सांगून पटत नव्हतं. खुराक मोजून द्यायची सवय लागली तेव्हा पटलं.

चुनी कोरडी पाठवलीत, याचेही आभार. ओल लागलेल्या गोणीत बुरशी धरते, आणि तसली चुनी गाभण शेळीला घातली तर ती गाभडू शकते. स्वस्तात मिळते म्हणून भिजका माल घेणारे कमी नाहीत.

मोहोळच्या पशुखाद्य दुकानदारांनी टांगता काटा वापरायला दिला. वजन दर पंधरवड्याला, सकाळी, चारा-पाणी देण्याआधी. पोट भरल्यावर केलेलं वजन शेळीचं कमी आणि पाण्याचंच जास्त असतं. उस्मानाबादी जातीच्या करडात पंधरवड्याला किलोभर वाढ आम्ही धरतो. तेवढी दिसली नाही तर आधी डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची. गुलाबी-लालसर असेल तर खुराक तपासायचा. पांढरी फटक असेल तर बहुधा पोटात रक्त पिणारे जंत आहेत, तिथं खुराक वाढवणं म्हणजे जंतांनाच पोसणं. जंताचं औषधही वजनावरच द्यायचं असतं. अंदाजानं कमी दिलं तर जंत मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात. काटा नसता तर हे सगळं बोलण्यातच राहिलं असतं.

खरेदीदार मालकांचं ऋण वेगळं. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून उक्ता सौदा होतो, तिथं नवख्या पोराला काय कळणार? तुम्ही जिवंत वजनावर, काट्यासमोर भाव दिलात. शिवाय बकरी ईदसाठी कसा माल लागतो ते आधीच सांगितलंत: वर्ष पुरं झालेला, शिंग-कान शाबूत, लंगडा नाही. ईद दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकते. शेळी पाच महिने गाभण, वर बोकडाचं एक वर्ष. म्हणजे ईदच्या किमान 17 महिने आधी शेळीला बोकड दाखवलेला हवा. गेल्या वर्षीच्याच तारखा धरून चालणाऱ्याचा बोकड ऐन ईदला कमी वयाचा निघतो.

आणि बर्फ. पीपीआर (शेळ्यांत साथीनं पसरणारा विषाणूचा रोग) आणि आंत्रविषार (आतड्यात विष तयार होऊन शेळी अचानक दगावते तो रोग) यांच्या लसी 2 ते 8 अंशांत राहाव्या लागतात. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचायची, म्हणजे नेमकी सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना. बर्फ कारखान्याच्या मालकांनी दर खेपेला लाद्या फोडून डबे भरून दिले. बर्फ आणि कुप्या यांच्यामध्ये त्यांनीच फाटक्या सोलापुरी चादरीचा तुकडा घालायला लावला, ते योग्यच होतं. आंत्रविषाराची लस गोठली तर वाया जाते. पीपीआरचं उलटं, ती गोठून बिघडत नाही, पण द्रावण केल्यावर दोन तासांत टोचून संपवावी लागते. म्हणून डॉक्टर येण्याआधी सगळ्या शेळ्या बांधून ठेवायच्या. डॉक्टर वाड्यात आणि शेळ्या रानात असल्या की कुपी उन्हात जाते.

एक मागणी मात्र राहिली. सरकी पेंडेच्या गोणीवर भरल्याची तारीख टाकाल का? तेवढी असली की जुनी गोणी आधी संपवता येते.

पुढच्या खेपेची चुनी न्यायला पोरं येतील तेव्हा रिकामी पोती झटकून, उन्हात वाळवून परत आणतील. त्यांतच भरून द्यावी.

आपले,
शेळीपालन गटांचे मार्गदर्शक
उत्तर सोलापूर आणि मोहोळ तालुका