लंडनचा झीरो माइल

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

काल लंडनमध्ये दिवसभर भटकले. भटकले म्हणजे काय, तुम्ही जूनमध्ये आलात तर काय झेपेल ते बघून आले. बाबांचे गुडघे डोळ्यांपुढे ठेवून, बरं का!

ट्रफाल्गर स्क्वेअरला झाडून सगळे नेल्सनच्या खांबाखालच्या सिंहांबरोबर फोटो काढत होते. पलीकडे, रहदारीच्या मधोमध, पहिला चार्ल्स राजा घोड्यावर बसलाय. त्याच्यामागे जमिनीत एक पाटी आहे: लंडनपासूनची अंतरं इथून मोजतात. बाबा, आपल्या नागपूरचा झीरो माइलच की! आपल्याकडे घोडे चार, इथे एकच. आपल्या खांबावर शिवनी-छिंदवाड्याचे मैल तरी कोरलेत, इथे तेही नाही.

पुतळ्याची गोष्ट तुम्हाला आवडेल. १६४९ मध्ये राजाचं डोकं उडवलं, तेही जवळच, व्हाइटहॉलला. मग पुतळा मोडीत काढायला एका धातुकाराला विकला. त्या पठ्ठ्यानं तो लपवून ठेवला आणि त्याच धातूच्या म्हणून सुऱ्यांच्या मुठी विकल्या म्हणे! राजेशाही परतल्यावर पुतळा अख्खा बाहेर. इतवारीतल्या भांडेवाल्यांनीही हात जोडले असते. आता राजा व्हाइटहॉलकडेच तोंड करून बसलाय.

तिथून १५ नंबरच्या बसनं टॉवर ऑफ लंडन, म्हणजे जुना किल्ला. बसमधूनच सेंट पॉल्सचा घुमट दिसतो, उतरायची गरज नाही. आई, तिथे कोहिनूर बघायला चालावं लागत नाही. सरकत्या पट्ट्यावर उभं राहायचं. १८४९ मध्ये पंजाबच्या दहा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंहाकडून इंग्रजांनी घेतलेला हिरा. इथे आणून १८५२ मध्ये पुन्हा पैलू पाडले, त्यात १८६ कॅरेटचा १०५ वर आला. काचेआड तर एवढासाच दिसतो. मला हिऱ्यापेक्षा रागच जास्त आला.

किल्ल्यातल्याच व्हाइट टॉवरचे जिने मात्र बाबांना नकोतच. आई आणि मी वर जाऊ, बाबांनी खाली बाकावर बसून डोमकावळे बघावेत. निदान सहा तरी पाळतात. ते उडून गेले तर राज्य बुडेल अशी समजूत आहे. खायला घालू नका, चावतात.

आईचा पासपोर्ट कधी संपतोय ते आजच बघा. आणि बाबा, 'नाही' म्हणायच्या आधी डॉक्टरांना विचारा. तिकिटांचं मी बघते.

तुमची,
छकुली