नाव न सांगता गेलेल्यांना

बाबा गेले तेव्हा मी सातवीत, धाकटा चौथीत. आई कापूस वेचायला जायची, मजुरी किलोवर. दिवाळीनंतर आम्हीही ओटी बांधून तिच्या मागं. पऱ्हाटीच्या सुकल्या बोंडांनी धाकट्याची बोटं चिरायची. पुढं तालुक्याच्या शाळेसाठी मला मुलींसाठीच्या अहिल्याबाई होळकर योजनेचा एसटी पास फुकट, त्याला मात्र पैसे भरून. पास संपला की कंडक्टर काका स्वतःच्या खिशातून त्याचं तिकीट फाडायचे. (आवाज असा की अख्खी गाडी चिडीचूप!) दारात पहाटे तुरीच्या डाळीची पिशवी कोण ठेवायचं, ते आजही ठाऊक नाही. आईचा संशय गल्लीतल्या काकूंवर. त्या कबूलच होत नाहीत. धाकटा परवा यवतमाळला नोकरीवर रुजू झाला. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आणि काकू, शेवटची पिशवी अजून आमच्याकडंच आहे.