निपाणीची स्पर्धा बेळगावला आणताना

टिळकवाडी, बेळगाव
रविवार दुपार

प्रिय सच्या,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझा बेत कळला. निपाणीत दर महिन्याला सोळा-अठरा पोरं जमवून होणारी फायटिंग व्हिडिओ गेमची स्पर्धा आता फिरती करायची: निपाणी, चिकोडी, खानापूर, मग गुण जमवून वरच्या आठ जणांची शेवटची फेरी बेळगावात. बेत झकास आहे. पण तू विचारलेले सगळे प्रश्न बक्षिसाचे आणि पोस्टरचे आहेत, आणि अशा मालिका बक्षिसापायी बुडत नाहीत. त्या बुडतात रात्री साडेनऊला, लूझर्समधल्या, म्हणजे एकदा हरलेल्यांच्या बाजूच्या, बारा मॅची शिल्लक असताना आणि कोल्हापूरच्या पोरांची शेवटची एसटी सुटायची वेळ झालेली असताना. पुढच्या वेळी ती पोरं येत नाहीत, आणि का आली नाहीत ते कुणी सांगतही नाही.

तेव्हा आधी घड्याळाचा हिशेब. डबल एलिमिनेशनमध्ये विजेता सोडून प्रत्येकजण दोनदा हरून बाहेर पडतो. म्हणजे 32 जणांच्या 62 मॅची, फायनलला रिसेट लागला (आतापर्यंत न हरलेला तिथे पहिल्यांदा हरला) तर 63. यातल्या शेवटच्या आठ जणांच्या 10 किंवा 11 मॅची पाचापैकी तीन गेम जिंकायच्या, बाकीच्या 52 तिनापैकी दोन. तिनापैकी दोनची मॅच सहा मिनिटांत उरकते खरी, पण पॅड (हातातला कंट्रोलर) जोडणं, बटणं तपासणं, ‘अरे तो चहाला गेलाय’ हे सगळं धरून दहा मिनिटं लाव. 520 मिनिटं झाली. चार सेटअपवर (कन्सोल आणि स्क्रीनच्या चार जोड्यांवर) वाटली तर कागदावर 130. प्रत्यक्षात लूझर्सची मॅच वरची मॅच संपल्याशिवाय लावता येत नाही, त्यामुळे शेवटी शेवटी दोन सेटअप नुसते बसून राहतात. दीडपट धर, सव्वातीन तास. टॉप 8 एकाच स्क्रीनवर, मॅचला पंधरा मिनिटं, म्हणजे अडीच ते पावणेतीन तास. सकाळी साडेदहाला पहिलं बटण दाबलं गेलं आणि जेवायला पाऊण तास दिलास, तर सव्वापाचला मोकळा.

हे एका गेमचं झालं. स्ट्रीट फायटर 6 आणि टेकन 8 दोन्ही एकाच दिवशी चार सेटअपवर बसत नाहीत, कितीही रेटलंस तरी. त्यात दोन्हीकडे तीच सात-आठ पोरं नाव घालतात आणि एका ब्रॅकेटसाठी (मॅचींच्या तक्त्यासाठी) दुसरं ब्रॅकेट अडून बसतं. आठ सेटअप जमव, नाहीतर एक महिना हा आणि एक महिना तो. माझं मत दुसऱ्या बाजूला.

नाव पुकारल्यावर पाच मिनिटांत आला नाही तर पहिला गेम गेला, दहा मिनिटांत आला नाही तर मॅच गेली. हा नियम पहिल्याच महिन्यात, आणि तोही आपल्या जवळच्या पोराला लाव. एकदा लावलास की पुन्हा लावायची वेळ सहसा येत नाही.

ब्रॅकेट लावणं हे मैदानात जोड लावण्यासारखं आहे. वस्ताद एकाच तालमीतले दोन पैलवान पहिल्याच कुस्तीला भिडवत नाही. चिकोडीहून तिघं एका जीपमधून आले आणि त्यातले दोघं सकाळी अकराला एकमेकांसमोर बसले, तर भाडं कशाला घातलं असंच त्यांना वाटणार. आधीच्या गुणांवरून सीडिंग कर (ताकदीचा क्रम लाव), मग गावं बघून पहिल्या दोन फेऱ्यांत एका गावची पोरं एका जागेने वर-खाली सरकव. 27 जण आले तर ब्रॅकेट 32 चंच राहतं आणि 5 बाय (पहिली फेरी न खेळताच पुढे) पडतात. ते वरच्या पाच सीडना. नावं आदल्या रात्री बंद. सकाळी दारात आलेल्या प्रत्येकाला घ्यायला लागलास की आखणी सगळी विस्कटते.

आता लाईटचं. पीएस 5 खेळताना साधारण 200 वॅट ओढतो, 24 इंची मॉनिटर 25-30. भिंतीतला 6 अँपिअरचा सॉकेट म्हणजे फार तर 1380 वॅट. एका एक्स्टेन्शनवर चारच्या वर सेटअप लावू नकोस आणि स्ट्रीमचा कॉम्प्युटर दुसऱ्या लाईनवर घे. सगळ्यात मोठा शत्रू चहाची इलेक्ट्रिक किटली: ती एकटीच 1500 वॅट खाते आणि नेमकी सेमीफायनलला कुणीतरी ती कन्सोलच्याच बोर्डात खुपसतं. चहा बाहेरून मागव. घरातला 850 व्हीएचा इन्व्हर्टर दोन सेटअप, राउटर आणि ब्रॅकेटचा लॅपटॉप एवढं सांभाळतो. पण त्याच्या मागचा खटका यूपीएस मोडवर आहे का ते बघ. साध्या मोडवर बदलताना जो क्षणभर खंड पडतो त्यात कन्सोल बंद पडू शकतो. लाईट गेली तर काय, हेही आधीच लिहून ठेव: जिंकलेले गेम तसेच राहतील, चालू असलेला गेम त्याच दोन पात्रांनी पहिल्यापासून.

स्क्रीनबद्दल जरा जास्त लिहितो, कारण खरी भांडणं इथूनच सुरू होतात. हॉलवाला म्हणेल, ‘आमचा 55 इंची टीव्ही घ्या की.’ घेऊ नकोस. गेम सेकंदाला 60 फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंद. गेम मोड नसलेला टीव्ही चित्र सुधारण्यात 50 ते 100 मिलिसेकंद सहज घालवतो, तीन ते सहा फ्रेम. स्ट्रीट फायटर 6 मधला ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जड फटका 26 फ्रेममध्ये लागतो, म्हणजे बघून उत्तर द्यायला जेमतेम 433 मिलिसेकंद. त्यातले शंभर टीव्हीने खाल्ले तर माणसाच्या हाताला उरतं काय? मग हरलेला पोरगा ‘लॅग होता’ म्हणतो आणि त्याचं खरं असतं. सगळे मॉनिटर एकाच मॉडेलचे मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर एचडीएमआय स्प्लिटरवरून एकच कन्सोल दोन स्क्रीनना जोड, दोन्ही स्क्रीन मोबाईलच्या 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये एकत्र धर आणि कुठे ठोसा आधी दिसतो ते मोज. व्हिडिओतली एक फ्रेम म्हणजे सुमारे 4 मिलिसेकंद. मागे राहणारा मॉनिटर ब्रॅकेट दाखवायला लाव.

पॅडमध्ये एकच रोग आहे, ब्लूटूथ. मॅच खेळून उठलेल्या पोराचा पॅड त्या कन्सोलशी जोडलेलाच राहतो. मागे बसून त्याने चुकून मधलं बटण दाबलं की समोर कुणाचा तरी कॉम्बो चालू असताना मेनू उघडतो. वायरशिवाय पॅड नाही, हा नियम कर. पण नुसती वायर लावून भागत नाही: पीएस 5 वायरने फक्त चार्ज करत राहतो आणि बोलतो ब्लूटूथनेच, सेटिंगमध्ये संपर्काची पद्धत यूएसबी केल्याशिवाय. प्रत्येक कन्सोलवर आदल्या दिवशी हे बघून घे. पीएस 4 चा साधा पॅड पीएस 5 च्या गेमला चालत नाही. कोल्हापूरचा पोरगा घरी पीएस 4 वर सराव करून तोच पॅड घेऊन येणार, तेव्हा पोस्टरवर हे मोठ्या अक्षरात छाप आणि वायरसकट दोन पॅड जादा ठेव. लेव्हरलेस (दांड्याऐवजी नुसती बटणं असलेला कंट्रोलर) आणणाऱ्यांसाठी एक ओळ: डावं-उजवं एकदम दाबलं तर दोन्ही रद्द झालं पाहिजे. बटणं मॅचआधी तपासायची. मॅच चालू असताना पॉज पडला तर तो राउंड गेला.

नवी पात्रं विकत घ्यावी लागतात हे विसरू नकोस. एका खात्यावर घेतलेलं पात्र ऑफलाइन शेअरिंगमध्ये एकाच कन्सोलवर बाकीच्यांना मिळतं. चार कन्सोल असतील तर चार खाती, नाहीतर दुसऱ्या टेबलावर अकुमा हे पात्र नाही म्हणून मॅची हलवत बसशील. अपडेट दोन दिवस आधी. हॉलच्या वायफायवर सकाळी दहाला अपडेट सुरू झालं की दुपार गेली म्हण. आणि स्ट्रीमच्या कन्सोलवर एचडीसीपी (चित्राची नक्कल रोखणारं कुलूप) बंद कर, नाहीतर कॅप्चर कार्डाला काळा पडदा दिसतो आणि सगळे केबल बदलत बसतात.

तू इव्होचं, म्हणजे फायटिंग गेमच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचं, उदाहरण दिलं होतंस, ‘तेवढं मोठं व्हायचंय’ म्हणून. तर इव्होचंच बघ. 1996 साली कॅलिफोर्नियातल्या सनीवेलच्या एका आर्केडमध्ये 40 जणांची ‘बॅटल बाय द बे’ झाली. 2002 मध्ये नाव इव्होल्यूशन झालं, 2004 मध्ये आर्केडची धुडं सोडून कन्सोलवर आले. तेव्हा जुन्यांनी किती आरडाओरडा केला असेल! त्याच वर्षी दाइगो उमेहाराने जस्टिन वाँगच्या चून-ली या पात्राचा अख्खा सुपर (सलग फटक्यांचा मोठा हल्ला), अंगात जवळजवळ जीव नसताना, एकेक फटका पॅरी करून, म्हणजे अचूक वेळी अडवून, परतवला. तो व्हिडिओ आजही फिरतो. 2016 मध्ये स्ट्रीट फायटर 5 ला पाच हजारांवर नावं आली, 2023 मध्ये 6 ला सात हजारांवर. हे वाढणं बक्षिसाने झालं नाही. दार उघडं होतं म्हणून झालं. फी भर, ये, खेळ. विश्वविजेताही पहिल्या फेरीपासून. 2019 मध्ये लाहोरचा अर्सलान अ‍ॅश आधी जपानमधल्या आणि मग लास व्हेगासच्या इव्होत टेकन 7 जिंकला, तो या उघड्या दारातूनच. फक्त बोलावलेले सोळा खेळवले असते तर त्याला कुणी बोलावलं असतं? म्हणून तुझं गुणांवर आठ निवडायचं मला निम्मंच पटतं. बेळगावच्या फेरीत आठपैकी दोन जागा त्याच सकाळच्या खुल्या ब्रॅकेटमधून भर.

आणि त्यांचे हाल कशाने झाले? 2020 मध्ये कोविडमुळे स्पर्धा ऑनलाइन घ्यायची ठरली होती. त्यात प्रमुखावरच अल्पवयीन मुलांशी गैरवर्तनाचे आरोप झाले, गेम कंपन्यांनी अंग काढून घेतलं आणि ती ऑनलाइन स्पर्धाही रद्द झाली. पंचवीस वर्षांत उभं केलेलं काही दिवसांत कोसळलं. 2021 मध्ये सोनी आणि आरटीएस या कंपन्यांनी ते विकत घेतलं. 2025 मध्ये सोनीचा वाटा गेला आपल्याच देशातल्या नॉडविन या ई-स्पोर्ट कंपनीकडे. दुसरं दुखणं गेमच्या मालकीचं. 2013 मध्ये निन्टेन्डोच्या स्मॅश मेली या गेमच्या चाहत्यांनी कर्करोगाच्या संशोधनासाठी 94 हजार डॉलरवर वर्गणी जमवून आपला गेम इव्होत आणला, तरी निन्टेन्डोने आधी स्ट्रीमला मनाई केली आणि ओरड झाल्यावर मागे घेतली. फुटबॉलचा चेंडू कुणाच्या मालकीचा नसतो, गेम असतो. तेव्हा प्रकाशकाचा छोट्या स्पर्धांसाठीचा परवाना वाचून घे, विशेषतः बक्षिसाची मर्यादा आणि प्रायोजक.

प्रायोजकावरून आठवलं. निपाणीत पैसा तंबाखूत आहे आणि कुणीतरी उदार होऊन बॅनर देतो म्हणेलच. नको म्हण, गोड बोलून. तंबाखूच्या जाहिरातीला आणि प्रायोजकत्वाला 2003 चा कायदाच आड येतो, आणि तुझ्याकडे निम्मी पोरं अठराच्या आतली. त्यांच्यासाठी घरच्यांचा फोन नंबर आणि लेखी संमती घे. तक्रार ऐकायला तुझ्याखेरीज दोघं हवेत, त्यात एखादी ताई किंवा वहिनी असू दे. मुली खेळायला येतात की नाही हे बऱ्याचदा यावरच ठरतं. ब्रॅकेटचा पासवर्ड, पैशाची वही, हॉलची किल्ली ही तीन माणसांकडे तीन राहू देत.

पैसे. फी दोन तुकड्यांत घे: हॉलचे 100, बक्षिसाचे 100. 32 जणांचे बक्षिसाचे 3200. साठ-तीस-दहाने वाटलेस तर 1920, 960 आणि 320. हॉलच्या पैशातला खर्च त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाक, केबल आणि टेपच्या बिलासकट. बाजूला पैजा लागतात त्या बंद कर. ऑगस्ट 2025 च्या केंद्राच्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन गेम बंद केले आणि ई-स्पोर्टला वेगळं काढलं, पण सहभागाची फी आणि बक्षीस चालतं, पैज चालत नाही. हॉलवाल्याला ‘गेमिंग’ म्हटलं की जुगार ऐकू येतो. अर्जात ‘व्हिडिओ गेम क्रीडा स्पर्धा’ लिही आणि फीच्या पावतीवर ‘सहभाग शुल्क’. दोघं फायनलिस्ट बक्षीस आपसात वाटून नुरा कुस्ती खेळले, तर दोघांचं बक्षीस जप्त, हेही नियमात घाल.

तारखा बघून ठरव. 1 नोव्हेंबर बेळगावात कशालाच घेऊ नकोस: राज्योत्सवाची मिरवणूक, काळा दिवस, बंदोबस्त. डिसेंबरमध्ये सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की लॉज मिळत नाहीत, बाहेरगावच्या पोरांना झोपवणार कुठे? जुलैच्या पावसात खानापूरची फेरी ठेवू नकोस. मार्चला परीक्षा. गणपतीचे दिवस सोड, पोरं मंडपातच असतात. नियमांचा कागद मराठी आणि कन्नड दोन्हीत छाप. गोकाक-अथणीची पोरं येतील, आणि पुकारा करणाऱ्याला दोन्ही भाषा येत असतील तर पहिल्या तासातले निम्मे वाद होतच नाहीत.

खानापूरच्या हॉलमध्ये तीन पिनांचे सॉकेट किती आहेत ते मोजून कळव, त्यावरून लाईनचा नकाशा काढून देतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या