चष्मा राहू दिलात, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

ऐरोलीचा, पित्ताशयात खडे असलेला, जाड भिंगांचा पेशंट म्हटलं तर कदाचित ओळख पटेल. नाही पटली तरी हरकत नाही. सर्जनसाहेबांचे आभार मी समोर बसून मानले, टाके काढायला गेलो तेव्हा पेढेही दिले. तुम्ही तेव्हा भलत्याच हॉस्पिटलात केसवर होतात. सिस्टर म्हणाल्या, ‘‘भूलवाल्या मॅडम इथं कुठं बसून असतात काका? आज नौपाडा, उद्या वर्तकनगर.’’ बिलावर तुमच्या नावाची एक ओळ होती तेवढीच. आभार मानायला ती ओळ पुरेना, म्हणून हे जाहीर पत्र.

मुद्दा चष्म्याचा आहे. पण तो कळायला आधीचं थोडं सांगावं लागेल.

हेच ऑपरेशन आधी दुसरीकडे व्हायचं होतं. नाव घेत नाही. काचेचा दरवाजा, लॉबीत कॉफी, गणवेशातली माणसं, सगळं चकाचक. तिथं भुलेआधीची तपासणी म्हणजे एका तरुण डॉक्टरनं कानाला फोन लावून विचारलेले प्रश्न. दात हलतो का, दमा आहे का, आ करा, इथं सही करा. मी म्हटलं, ‘‘डॉक्टर, मला भुलेची जरा भीती वाटते.’’ त्यानं फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘‘काही होत नाही हो काका, मस्त झोप लागेल.’’

‘काही होत नाही’ या वाक्यानं आजवर कुणाची भीती गेली असेल, तर त्या माणसाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला मी तयार आहे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी वॉर्डातच चष्मा काढून घेतला. माझा नंबर उणे नऊ. चष्मा नसला की हातभर अंतरावरचा माणूस म्हणजे नुसता रंग. ट्रॉलीवर घालून मला कॉरिडॉरमध्ये भिंतीला लावून ठेवलं. वर दिव्यांचे गोळे, बाजूनं हिरवे-निळे आकार ये-जा करताहेत, त्यात डॉक्टर कोण आणि मामा कोण काही समजेना. आत नेल्यावर कुणीतरी दंडाला पट्टा बांधला. ‘‘एकशे नव्वद आहे, सर.’’ थोडं थांबून परत फुगवला, परत तेच. मग एक आवाज आला, ‘‘अहो, बायका बाळंतपणं करतात, आणि तुम्ही पुरुषासारखे पुरुष...’’ दोघं-तिघं हसले. कोण हसलं ते मला आजही सांगता यायचं नाही.

ऑपरेशन रद्द झालं. एवढ्या प्रेशरवर भूल देणं धोक्याचं, हे मला मान्य आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार कागदाबद्दल आहे. डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत दोन ओळी होत्या, मुलीनं वाचून दाखवल्या. पेशंट अतिशय घाबरलेला, सहकार्य केले नाही.

सहकार्य केले नाही! उभा जन्म ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकल कंपनीत पॅनलवर काढला मी. रात्रपाळीला रिअ‍ॅक्टरचं तापमान चढायला लागलं की बाकीचे पळापळ करायचे, आणि मी बसल्या जागेवरून एकेक गोष्ट बंद करत जायचो. तो कागद खिशात घालून रिक्षात बसलो, तो विटावा येईपर्यंत घरच्यांशी एक शब्द बोललो नाही.

खडे काही आपल्या मानापमानासाठी थांबत नाहीत. वडा-भजी सोडाच, हिच्या हातची साधी फोडणीची पोळी खाल्ली तरी मध्यरात्री उजव्या बरगडीखाली कळ, ती थेट पाठीत. त्यात नातेवाइकांची मदत. एका मामेभावाला कुणाची तरी भूल उतरलीच नव्हती असं नक्की माहीत होतं. कुणाची ते मात्र माहीत नव्हतं. सोसायटीच्या कट्ट्यावर मी दिसलो की विषय तोच. खडे विरघळवणारा काढा तर इतक्या जणांनी सांगितला की प्रत्येकाचा प्यायलो असतो तर पित्ताशयाआधी मीच विरघळलो असतो.

आणि मग तुमची तपासणी.

तुम्ही खुर्ची ओढून समोर बसलात. फोन टेबलावर पालथा ठेवलात. तो जुना कागद वाचलात आणि काही न बोलता फाइलच्या तळाशी सरकवलात. मग विचारलंत, ‘‘काका, नेमकी कशाची भीती वाटते?’’

इतक्या जणांनी धीर दिला होता, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मलाच विचार करावा लागला. म्हटलं, मध्येच जाग आली आणि हलता-बोलता आलं नाही तर? मला वाटलं, आता ‘काही होत नाही’ येणार. तुम्ही म्हणालात, ‘‘होतं. फार क्वचित, पण होतं.’’ ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये याची मोठी पाहणी झाली, २०१४ साली अहवाल आला, साधारण १९,००० भुलांमागे एका माणसानं अशी तक्रार नोंदवली होती, हे सांगितलंत. ते होऊ नये म्हणून तुम्ही काय काय बघत असता तेही सांगितलंत. ‘‘शून्य म्हटलं तर खोटं होईल, काका.’’ तुम्ही शून्य म्हणाला नाहीत, म्हणून त्यानंतर जे जे म्हणालात त्यावर माझा विश्वास बसला.

मग मी विचारलं की सर्जनचं लक्ष पोटात, मग माझ्याकडे कोण बघणार?

‘‘मी. तुमच्या डोक्याशी माझं स्टूल असतं. तुम्ही उठेपर्यंत मी तिथून हलत नाही.’’

‘‘आणि हलावंच लागलं तर?’’

‘‘दुसरे भूलतज्ज्ञ येऊन चार्ज घेतील, मगच.’’

चार्ज म्हणालात आणि माझे खांदे सैल पडले. आमच्याकडे रिलीव्हर येऊन, आकडे बघून, लॉगबुकवर सही करेपर्यंत पॅनलची खुर्ची सोडायची नाही, मग घरी आग लागलेली असो. म्हणजे हे काम मला माहीत होतं. फरक इतकाच, या वेळी रिअ‍ॅक्टर मी होतो.

खरं तर तुमचं काम तिथं संपलं होतं. बाहेर पुढचा पेशंट होता, सिस्टर दारातून डोकावून गेल्या होत्या. तरी उठता उठता तुम्ही विचारलंत, ‘‘आणखी काही?’’ मी म्हटलं, ‘‘चष्मा काढला की मला काही दिसत नाही, आणि दिसलं नाही की...’’ पुढचं मला बोलता येईना. साठीच्या माणसाला ते बोलायला लाज वाटते.

तुम्ही पेन उचललंत. तपासणीच्या कागदावर, इंग्रजी मजकुराच्या वर, ठळक मराठीत लिहिलंत: ‘चष्मा भूल देईपर्यंत राहू द्यावा. उठल्यावर लगेच लावावा.’ खाली दोन रेघा ओढल्यात. मराठीत का लिहिलंत ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

वॉर्डात सिस्टरांनी सवयीनं चष्म्याला हात घातला. मी म्हटलं, फाइल बघता का जरा? त्यांनी बघितली, हात मागे घेतला. ‘‘असू द्या काका.’’ ट्रॉलीवाल्या मामांनी तर तो मजकूर लिफ्टमध्ये मोठ्यानं वाचला आणि लिफ्टवाल्याला सांगितलं, ‘‘व्हीआयपी पेशंट आहे.’’ ऑपरेशन थिएटरच्या दारातल्या माणसानं विचारलं, चष्मा कसा काय? मामांनीच परस्पर उत्तर दिलं, ‘‘मॅडमनी लिहून दिलंय.’’ एका कागदानं मला घाबरट ठरवलं होतं. दुसऱ्या कागदाच्या जोरावर मी दारं ओलांडत गेलो.

आणि हो, पाणी. आधीच्या ठिकाणी रात्री बारापासून घोटभर पाणीही बंद. दुपारपर्यंत तोंडाला कोरड पडून माणूस निम्मा तसाच मेलेला असतो. तुम्ही समजावून सांगितलंत की भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून हे पथ्य, आणि माझ्यासारख्याला हलकं खाणं सहा तास आधी बंद केलं तरी साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. सकाळी वॉर्डात बसून सावकाश पाणी प्यायलो.

आत आल्यावर मला सगळं दिसत होतं, मॅडम. भिंतीवरचं घड्याळ, ट्रेवर झाकलेलं हिरवं कापड, तुमच्या मास्कच्या वर कपाळावरची बारीक काळी टिकली. तुम्ही स्क्रीन माझ्याकडे वळवलीत आणि म्हणालात, ‘‘हा घ्या तुमचा पॅनल.’’ नाडी १२२ होती. पॅनल दिसल्यावर मी काय करणार, वाचायला लागलो. वाचता वाचता ती शंभराच्या आत आली. बोटाच्या यंत्राचा टिक् टिक् आवाज चालू होता. तुम्ही सांगितलंत की रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्या आवाजाचा सूरही खाली उतरतो, म्हणजे तुमची पाठ वळलेली असली तरी कानाला कळतं. पॅनलवर जन्म काढलेल्या माणसाला याहून सुंदर काय असणार! घरी आल्यावर मुलीला शोधायला लावलं. रक्तातला ऑक्सिजन असा नाडीच्या ठोक्यांवरून बाहेरूनच मोजायची कल्पना ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरची, १९७४ सालची. डॉक्टर नव्हे, इंजिनिअर! करोनात आपल्या घराघरांत जे चिमट्यासारखं यंत्र आलं, त्यामागे हाच माणूस. त्याच वर्षी, २०२० मध्ये, तो गेला.

पण माझ्या लक्षात राहिलंय ते पुढचं. तुम्ही ऑक्सिजनचा मास्क तोंडावर धरलात आणि कडेनं निसटणाऱ्या वाफेनं माझी भिंगं धुरकटली. पुन्हा सगळे आकार. मी हात उचलला, पण हाताला सलाइन. काही म्हणायच्या आत तुम्ही मास्क तसाच एका हातानं धरून दुसऱ्या हातानं चष्मा काढलात, गॉजच्या तुकड्यानं आधी डावी काच पुसलीत, मग उजवी, उजेडाकडे धरून बघितलंत, उजवी पुन्हा पुसलीत आणि चष्मा परत माझ्या नाकावर ठेवलात. दोन-तीन मिनिटांत जो माणूस गाढ झोपणार आहे, त्याची काच तुम्ही दुसऱ्यांदा पुसलीत.

यापुढचं सगळं माझ्यासाठी सोपं होतं. ‘‘आता हातात चुरचुरेल,’’ म्हणालात. दुधासारखं पांढरं औषध गेलं, चुरचुरलं, पण आधी सांगितलेलं होतं म्हणून दचकलो नाही. ‘‘चष्मा आता मी घेते हं.’’ तुमची बोटं कानामागे आल्याचं आठवतं. पुढचं तुम्हालाच माहीत.

जाग आली तेव्हा पापण्यांना चिकटपट्टीचा चिकटपणा होता, नळीनं घसा खरखरत होता, थंडी वाजत होती. हे सगळं तुम्ही आधी सांगितलं होतंत. नाकावर चष्मा होता, जरासा तिरका. समोरच्या घड्याळात दोनला दहा कमी होते आणि ते मला वाचता आलं. सिस्टर म्हणाल्या, मॅडमनी स्वतः लावून दिला आणि मग गेल्या.

भुलेचा पहिला गाजलेला जाहीर प्रयोग बोस्टनला १६ ऑक्टोबर १८४६ रोजी झाला, ईथर हुंगवून. तो दिवस तुम्ही लोक जागतिक भूल दिन म्हणून पाळता, हेही आता मला माहीत आहे. तेव्हापासून औषधं बदलली, यंत्रं आली. काच पुसायला यातलं काही लागत नाही. आमच्या कंपनीत एक जुने फोरमन होते. नवा पोरगा टाकीत उतरला की मॅनहोलवर माणूस बसवायचा हा नियमच, पण हे बसवलेल्या माणसाच्या शेजारी जाऊन वाकायचे आणि आत हाक मारायचे, ‘‘वर बघ रे, मी आहे.’’ नियमात फक्त माणूस बसवा असं होतं. त्याचं तोंड आतल्याला दिसलं पाहिजे, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. ते निवृत्त झाले तेव्हा मॅनेजरच्या भाषणाला कुणी थांबलं नाही, पण यांना सोडायला सगळी शिफ्ट गेटपर्यंत गेली.

त्या फोनवाल्या डॉक्टरवर माझा राग आहे, तो तसाच आहे. वय झालं म्हणून मी क्षमाशील वगैरे झालेलो नाही. कामाचा ताण असतो, पेशंटची रांग असते, सगळं मान्य. रांग तुमच्याही दारात होती.

आता शेवटचं, घरगुती. हिनं तुमच्यासाठी बेसनाचे लाडू स्टीलच्या डब्यात भरून सिस्टरांकडे ठेवले होते. तुमच्यापर्यंत पोचले की वॉर्डानंच संपवले ते कळवा. संपवले असतील तरी काही म्हणणं नाही, त्या मामांना दोन मिळाले असले म्हणजे झालं. डब्याच्या झाकणावर हिच्या आईचं नाव कोरलेलं आहे, त्यामुळे डबा तेवढा परत हवा असं मला बजावून लिहायला सांगितलंय. तुम्ही त्या हॉस्पिटलात कुठल्या वारी असता ते सिस्टरांकडे कळवलंत, तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

आपला कृतज्ञ,
ऐरोलीचे चष्मेवाले काका